साडेपाच तासांची चूक

मनगटावर घड्याळ असू द्या. पुढचा सगळा प्रसंग त्याच्या काट्यांवर घडतो.

तारीख 5 ऑक्टोबर 2024, शनिवार. नवरात्राची तिसरी माळ. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर होऊन जेमतेम दोन दिवस झालेत. सकाळचे साडेअकरा वाजत आलेत आणि तुम्ही सेस्ना 172 च्या डाव्या सीटवर एकटे बसला आहात, साडेपाच हजार फुटांवर, वाशीम जिल्ह्याच्या आभाळात. विमान आणि तुमच्या हातून होणारी चूक माझ्या कल्पनेतली. दिवस, गावं आणि कायदे खरे.

तासाभरापूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून तुम्ही उड्डाण केलं. जायचंय यवतमाळला. लोणारचं विवर मागे पडलं, अगदी नकाशातल्यासारखं गोल. मालेगाव गेलं. खाली सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. पिवळट वावरं, त्यांत तुरीच्या हिरव्या ओळी, कुठे पऱ्हाटीचा गडद तुकडा, मोकळ्या झालेल्या रानात सोयाबीनच्या सुड्या. डावीकडे समृद्धी महामार्ग कारंजाकडे निघालाय. त्याच्या कडेकडेने जायचं, असं तुम्ही फ्लाइट प्लॅनमध्ये लिहून दिलं होतं आणि त्याच वाटेसाठी हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांकही घेतला होता. आपल्याकडे छोट्या खासगी विमानालाही हा क्रमांक घ्यावा लागतो. तुमच्या गुडघ्यावरच्या पॅडवर तो पेन्सिलीने लिहिलेला आहे.

त्याच पॅडखाली एक कागद आहे. नोटॅम. वैमानिकांसाठी त्या त्या दिवसाच्या सूचना: अमुक धावपट्टी बंद, अमुक ठिकाणी क्रेन उभी, अमुक टापूवर अमुक वेळेत उड्डाणाला मनाई. त्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीभोवतीचं आकाश काही तासांपुरतं बंद असल्याचं लिहिलं आहे. वेळेच्या जागी दहा दहा आकड्यांचे दोन गट: 2410050330 आणि 2410050830. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. काल रात्री तुम्ही ते वाचले, अर्थ लावला: पहाटे साडेतीन ते सकाळी साडेआठ. मनात म्हणालात, मी निघेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.

आता समोर पाहा. कारंजाच्या दिशेला ढगांची भिंत उभी आहे, तळाशी काळी, खाली पावसाचे पडदे. परतीचा मान्सून जाता जाता असा फटका देतोच. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याने ढगात शिरायचं नसतं, आणि ते तुम्ही शिरत नाही. इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही. उजवीकडे आभाळ निरभ्र आहे. मंगरूळपीर, मग मानोरा, मग दिग्रसवरून यवतमाळ. बंदी तर तीन तासांपूर्वीच संपलीय.

रेडिओवर एक वाक्य बोलायला हवं होतं, की मी वाट बदलतोय. ते राहून जातं. तुम्ही उजवीकडे वळता.

रस्ता बंद असला की आपल्याला दिसतो. आडवी बल्ली असते, पिवळे बॅरिकेड असतात, उन्हात उभा हवालदार हाताने माघारी फिरवतो. आभाळात यातलं काही नसतं. बंद आभाळ आणि उघडं आभाळ अगदी एकसारखं निळं असतं, आणि दोहोंमधली रेघ फक्त कागदावर असते. म्हणून कागद वाचणं हेही विमान चालवण्यातलंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं. काही रेघा कायमच्या असतात. 1937 च्या विमान नियमांच्या परिशिष्टात मुंबईच्या मलबार हिलवरच्या दोखम्यावरचं, म्हणजे पारशी अंत्यसंस्काराच्या जागेवरचं आकाश निषिद्ध म्हणून नोंदलेलं आहे. अशी रेघ पाठ करता येते. पण सकाळी उमटून दुपारी पुसली जाणारी रेघ त्या त्या दिवशीच वाचावी लागते, आणि घड्याळ लावून वाचावी लागते.

मंगरूळपीर मागे जातं. खालच्या रस्त्यांवर गाड्या मुंग्यांसारख्या एकाच दिशेला सरकताहेत. शनिवारी इतकी गर्दी कुठे निघालीय? पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथेच, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण यात्रा तर रामनवमीची. मग दूरवर पांढऱ्या मंडपाचा चौकोन चमकतो आणि तुमच्या पोटात खड्डा पडतो.

नोटॅममधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. 0330 म्हणजे सकाळचे नऊ. 0830 म्हणजे दुपारचे दोन.

घड्याळात अकरा पस्तीस.

खाली या क्षणी काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून सांगतो. पंतप्रधान नांदेडला विमानाने उतरून हेलिकॉप्टरने पोहरादेवीत आले आहेत. जगदंबा मातेच्या मंदिरात दर्शन, तिथे नगारा वाजवणं, सेवालाल महाराज आणि रामराव महाराज यांच्या समाधींना वंदन, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन, असा आजचा क्रम आहे. मग सभा. त्यानंतर ठाणे आणि मुंबई. खालच्या सुरक्षारक्षकाला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमच्या डब्यातली पोळी-भाजी दिसत नाही. त्याला दिसतो पडद्यावर सरकत येणारा एक ठिपका. 11 मे 2005 रोजी असाच एक ठिपका, दोन माणसं बसलेलं सेस्ना 150, वाट चुकून वॉशिंग्टनच्या बंद आकाशात शिरला. व्हाइट हाउस आणि संसद रिकामी करावी लागली, हजारो माणसं रस्त्यावर धावली, लढाऊ विमानांनी पेटते फ्लेअर सोडले. घातपाताचा हेतू नव्हता, पण हेतू रडारवर उमटत नाही.

तुमची नजर आपोआप डावीकडे जाते. प्रशिक्षणात पाठ केलेलं सगळं एकदम आठवतं. अडवायला आलेलं विमान डावीकडून, जरा वर आणि पुढे येईल, पंख हलवेल. म्हणजे माझ्यामागे ये. आपणही पंख हलवून होकार द्यायचा आणि निमूट मागे जायचं. त्याने चाकं खाली सोडली तर इथेच उतर. ते झटक्यात वर वळून निघून गेलं तर तू मोकळा. पण डावीकडे ऊन आहे, ढग आहेत, दुसरं काही नाही.

इथे मोह होतो. गुपचूप वळावं, कुणाला कळलं नसेल. त्या मोहाचे तीन सेकंद फार लांब असतात. 1937 च्या नियमांनी निषिद्ध आकाशासाठी यावर स्पष्ट सांगून ठेवलंय: चूक कळताच संकटाचा इशारा द्यायचा आणि त्या हद्दीबाहेर लवकरात लवकर उतरायचं. वैमानिकाला लपायची गरजच पडू नये, ही त्यामागची माया मला फार मोलाची वाटते. तुम्ही 121.5 लावता, जगभर संकटासाठी राखून ठेवलेली वारंवारिता. घसा कोरडा. नाव, जागा, उंची सांगता. मग सांगता, ‘मी बंद हवाई क्षेत्रात आलोय. चूक माझी आहे. डावीकडे वळतोय.’

खरखर होते. मग एक शांत आवाज. ‘ऐकलं. लगेच वळा. अकोल्याला उतरा. वळल्यावर कळवा.’

तुम्ही वळता. उजवा पंख उचलला जातो, मंडप उजव्या दाराखाली नाहीसा होतो. हात थरथरताहेत म्हणून पकड घट्ट होते आणि विमान डगमगतं. पकड सैल करा. वायव्येला काटेपूर्णेच्या धरणाचं पाणी भरलेलं दिसतंय, ते डाव्या हाताला ठेवा. आवाज दर दोन मिनिटांनी उंची विचारतो, तुम्ही सांगता. कोणी रागावत नाही. त्यानेच जास्त अपराधी वाटतं.

अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी, शेजारी कृषी विद्यापीठाची शेतं. चाकं टेकतात. इंजिन बंद केल्यावर कानात नुसता घूं आवाज उरतो. जीपमधून दोन पोलीस येतात, परवाना मागतात, कागद मागतात, पाणी देतात. चौकशी लांब चालेल, परवान्यावर गदा येईल, हे कोणी न सांगता कळतं.

अहवालाचा कोरा कागद पुढे येतो. बाकाच्या टोकाला बसलेला चौकीदार खिशातून मोबाइल काढतो, डोळे बारीक करून वाचतो आणि दुसऱ्याला सांगतो, ‘आले गा. दोन हजार.’ पोहरादेवीच्या मंचावरून पंतप्रधानांनी किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडलाय, देशभरातल्या 9 कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यात.

वेळेच्या रकान्यापाशी येऊन तुम्ही मनगटाकडे पाहता. बारा पन्नास. बोटांवर साडेपाच तास मोजता, पुन्हा मोजता. 0720 लिहिता. आणि कोणी मागितलं नसताना शेजारी कंसात 12.50.