मानेतल्या नसेतून फिटवर उपचार : एका यंत्राची गोष्ट

अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारात, साधारण तीनपैकी दोन रुग्णांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांचे काय? योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजतात. यातल्या काहींना मेंदूच्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो. ज्यांची ती होऊ शकत नाही, त्यांच्यासाठी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजेच व्हीएनएस, हा एक पर्याय आहे. छातीच्या त्वचेखाली छोटे यंत्र बसवतात आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगस नसेला जोडतात.

कल्पना जुनी आहे. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स कॉर्निंग (पाठीच्या कण्यात औषध देऊन भूल देण्याचा प्रयोग १८८५ मध्ये करणारे तेच) फिटच्या रुग्णांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या दाबत आणि व्हेगसला वीज देत. मेंदूत रक्त जास्त झाल्याने फिट येते, अशी तेव्हाची समजूत होती. समजूत चुकीची निघाली आणि उपचारही मागे पडला.

पण व्हेगस नस मेंदूचे हुकूम फक्त खाली पोहोचवत नाही. तिचे बहुतांश तंतू पोटातल्या, छातीतल्या खबरी वर मेंदूकडे नेतात. १९३८ मध्ये बेली आणि ब्रेमर यांनी मांजरांमध्ये ही नस उत्तेजित करून मेंदूचा विद्युत आलेख बदलतो हे दाखवले. फिलाडेल्फियाच्या जेकब झबारा यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांना मुद्दाम फिट आणून त्या या मार्गाने थांबवल्या. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात पहिल्या रुग्णाला यंत्र बसले आणि १९९७ मध्ये तिथल्या एफडीएने मान्यता दिली.

चाचण्या होत्या फक्त तीन महिन्यांच्या. त्यातल्या एका मोठ्या चाचणीत पूर्ण प्रवाह मिळालेल्यांच्या फिट सरासरी २८ टक्क्यांनी घटल्या, तर अगदी क्षीण प्रवाह मिळालेल्यांच्या १५ टक्क्यांनी. आकडे पाहून हिरमोड व्हावा असेच! पण पुढे ४४० रुग्णांचा पाठपुरावा झाला. फिट निम्म्या किंवा त्याहून कमी झालेले रुग्ण पहिल्या वर्षी सुमारे ३७ टक्के होते, दुसऱ्या वर्षी ४३ टक्के, आणि तिसऱ्या वर्षीही जवळपास तितकेच. या काळात तुलनेचा गट नव्हता, गोळ्याही बदलता येत होत्या, म्हणून सगळे श्रेय यंत्राला देऊ नये. तरी फायदा हळूहळू येतो आणि टिकतो, हे दिसले. त्यामुळे ‘तीन महिने झाले, काढून टाका’ म्हणणाऱ्यांना मी थांबायला सांगतो. फिट पूर्ण बंद होणारे मात्र थोडेच असतात आणि गोळ्या बहुधा चालूच राहतात.

प्रवाह सुरू असताना आवाज घोगरा होतो, कधी खोकला येतो. हा त्रास काळानुसार कमी होतो. गाणे किंवा शिकवणे हा तुमचा व्यवसाय असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. यंत्रासोबत मिळणारा लोहचुंबक छातीवर धरून ठेवला, तर तेवढ्या वेळापुरता प्रवाह थांबवता येतो.