एका काडतुसाचा निर्णय : ब्रिटन, अमेरिका व नाटो (१९४५–१९५७)

पायदळाच्या रायफलीसाठी कोणत्या व्यासाचे काडतूस निवडावे, हा प्रश्न वरकरणी केवळ शस्त्रविद्येचा आहे. गोळीचे वजन, वेग, पल्ला आणि शिपायाच्या खांद्याला बसणारा धक्का यांचा मेळ घातला की उत्तर हाती यावे, अशी अपेक्षा असते. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिका यांच्यात या प्रश्नावर जो वाद झाला, त्यात चाचण्यांपेक्षा चाचण्यांपूर्वीची गृहीते व राष्ट्रांचे परस्परसंबंध हेच निर्णायक ठरले.

ब्रिटिश शिपायाचे ०.३०३ इंची काडतूस १८८८ सालचे होते. दूर अंतरावरील शत्रूच्या दळावर मारा करावयाचा, हे त्यामागील गृहीत. महायुद्धाने ते डळमळीत केले. चकमकी बहुधा तीनचारशे यार्डांच्या आत होतात, हे ओळखून जर्मनीने आखूड काडतुसाची रायफल रणांगणावर आणली. १९४३ मध्ये सोव्हिएत संघानेही मध्यम शक्तीचे काडतूस सिद्ध केले. ब्रिटनने १९४५ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मंडळ नेमले. त्यातून पुढे ०.२८० इंच, म्हणजे ७ मि.मी., व्यासाचे काडतूस निर्माण झाले व त्यासाठी स्टीफन जॅन्सन यांनी ‘ईएम-२’ ही रायफल रचली.

अमेरिकेची भूमिका निराळी होती. जुन्या ०.३० इंची काडतुसाच्या शक्तीत उणेपणा येता कामा नये, हा तेथील शस्त्रविभागाचा आग्रह होता. त्यास परंपरा होती : १९३२ मध्ये सेनाप्रमुख मॅकार्थर यांनी ०.२७६ इंची काडतुसाची योजना फेटाळली होती. अमेरिकेच्या नव्या काडतुसाची पुंगळी ६३ मि.मी.वरून ५१ मि.मी. झाली, परंतु शक्ती जवळजवळ तीच राहिली. ब्रिटिश पुंगळी ४३ मि.मी.ची होती. १९५० मध्ये अमेरिकेत तुलनात्मक चाचण्या झाल्या. ब्रिटिशांच्या लेखी कमी धक्का हा ०.२८० चा गुण होता. अमेरिकनांच्या लेखी लांब पल्ल्यावर वक्र होणारा गोळीचा मार्ग हा तिचा दोष होता. दोन्ही निरीक्षणे खरी होती. मतभेद होता तो शिपायाच्या कार्याविषयी.

२५ एप्रिल १९५१ रोजी मजूर सरकारचे संरक्षणमंत्री शिनवेल यांनी ईएम-२ च्या स्वीकाराची घोषणा केली. परंतु १९४९ च्या नाटो करारानंतर दोस्त राष्ट्रांचा दारूगोळा समान असणे आवश्यक वाटू लागले होते, आणि त्याबाबत अमेरिकेला वगळणे अशक्य होते. ऑक्टोबर १९५१ मध्ये सत्तेवर आलेल्या चर्चिल यांनी जानेवारी १९५२ मध्ये ट्रूमन यांची भेट घेतली. त्यानंतर ईएम-२ मागे पडली. डिसेंबर १९५३ मध्ये ७.६२ मि.मी. काडतूस समान म्हणून मान्य झाले. ब्रिटनने १९५४ मध्ये बेल्जियन रायफल निवडली. अमेरिकेने १९५७ मध्ये स्वतःची एम-१४ स्वीकारली.

या शक्तिमान काडतुसाने हातातील रायफलीतून सलग गोळीबार केल्यास नेम टिकत नसे. म्हणून ब्रिटिश सैन्याच्या रायफलीतून ती सोयच काढून टाकण्यात आली. रायफलीचा उपयोग ३०० यार्डांपलीकडे क्वचितच होतो, असे हिचमन यांच्या अमेरिकन अहवालाने १९५२ मध्येच दाखविले होते. पुढे अमेरिकेनेच ५.५६ मि.मी.च्या एम-१६ चा अंगीकार केला आणि १९८० मध्ये नाटोनेही तोच व्यास मान्य केला. नाटोचा सभासद नसलेल्या भारतातही या निर्णयाचे पडसाद उमटले : १९६२ च्या युद्धात मुख्यतः ०.३०३ घेऊन लढलेल्या पायदळाच्या हाती पुढे ईशापूर येथे तयार झालेली ७.६२ मि.मी.ची रायफल आली.

यावरून ०.२८० निर्दोष होती, असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. रायफल व मशीनगन यांना एकच काडतूस असावे, या अमेरिकन आग्रहाला पुरवठ्याच्या दृष्टीने निश्चित अर्थ होता. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढे ध्यानी घ्यावे, की चाचणीचा अहवाल वाचताना त्यातील आकड्यांइतकाच, ती चाचणी कोणत्या प्रश्नासाठी योजली होती व तो प्रश्न कोणी ठरविला, याचाही शोध घ्यावा लागतो.