ट्रान्सजेंडर ओळख कुठून येते? शंभर वर्षांच्या शोधाची गोष्ट

मुलगा म्हणून वाढवलेलं मूल एक दिवस "मी मुलगी आहे" म्हणतं, तेव्हा आई-वडील डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. आमचं काही चुकलं का? आणि याची एखादी टेस्ट असते का? शास्त्रज्ञही शंभर वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नांच्या मागे आहेत.

बर्लिनमधल्या डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिकतेच्या अभ्यासासाठी संस्था काढली. ही वाईट संगत किंवा विकृती नसून निसर्गातलीच विविधता आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हॉर्मोन्सचं शास्त्र तेव्हा नुकतं रांगत होतं, पण कारण शरीरातच सापडेल असं त्यांना वाटे. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ही संस्था लुटली आणि तिथली पुस्तकं भर चौकात जाळली.

पुढे लंबक अगदी दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी म्हणू लागले की लिंगभावना संगोपनातून घडते. याच सुमारास कॅनडातल्या एका बाळाचं लिंग सुंता करताना भाजून निकामी झालं. मनींच्या सल्ल्यावरून त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. शस्त्रक्रिया झाली, फ्रॉक आले, पुढे हॉर्मोन्सही दिले. प्रयोग यशस्वी झाल्याचं मनींनी जाहीर केलं आणि ते पाठ्यपुस्तकांतही गेलं. प्रत्यक्षात ते मूल कधीच मुलगी म्हणून रमलं नाही. किशोरवयात सत्य कळताच त्याने मुलगा म्हणून जगणं स्वीकारलं. ही खरी हकीकत वैद्यकीय नियतकालिकात यायला १९९७ साल उजाडलं! तो ट्रान्सजेंडर नव्हता आणि एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, हे खरं. पण आतली ओळख बाहेरून लादता येत नाही, हे या एका आयुष्याने फार मोठी किंमत मोजून दाखवलं. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली.

दरम्यान १९५९ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की गर्भात असताना मिळालेल्या टेस्टोस्टेरॉनचा परिणाम पुढच्या वागण्यावर राहतो. माणसात जननेंद्रियं गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घडतात, मेंदूची घडण बरीच नंतर होते. मग या दोन्हींची दिशा वेगळी असू शकेल का? १९९५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी सहा ट्रान्स स्त्रियांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. मेंदूतला पेशींचा एक इवलासा पुंजका त्यांच्यात स्त्रियांइतक्याच आकाराचा दिसला. बातमी जगभर गाजली. पण सहाच मेंदू, आणि त्या सगळ्यांनी हॉर्मोन्स घेतलेले. शिवाय स्त्री-पुरुषांतला हा फरक मोठेपणीच दिसू लागतो, असं त्याच शहरातल्या अभ्यासात २००२ मध्ये आढळलं. ही ओळख तर अनेकांना लहानपणापासून जाणवते.

जुळ्यांचे अभ्यासही झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघेही ट्रान्सजेंडर होते, साध्या जुळ्यांच्या २१ जोड्यांपैकी एकातही नाही. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. पण जीन्स जवळजवळ सारखी असूनही १४ जोड्यांत दोघांची ओळख वेगळी राहिली, म्हणजे सगळं जीन्सवर नाही. हॉर्मोन्सचंही तसंच. काही मुलींना ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारामुळे गर्भातच पुरुषी हॉर्मोन्स जास्त मिळतात, तरी त्यातल्या बहुसंख्य स्वतःला मुलगीच मानतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लाड केले, बहिणीचे कपडे घातले, वडील कडक होते, यामुळे हे होतं याला भक्कम पुरावा नाही. दुसऱ्याचं: अशी टेस्ट नाही. कोणी हे ठरवायला एमआरआय किंवा हॉर्मोन्सचं पॅकेज सुचवलं तर पैसे वाचवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ही ओळख मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढली. आपल्याकडे कुणाची ओळख 'बरी' करण्याचे उपचार देणं हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. कोणी तसे उपचार देऊ केले, तर तक्रार करता येते.