अर्धा ओढलेला चोक

आजच्या मुलांना गाडी सुरू करणे म्हणजे किल्ली फिरवणे किंवा बटण दाबणे एवढेच ठाऊक आहे. आमच्या वेळी तो एक छोटा विधी होता. डॅशबोर्डखालची चोकची मूठ ओढायची, किल्ली फिरवायची, इंजिन धडधडले की कान देऊन ऐकायचे आणि ते तापू लागले की मूठ हळूहळू आत ढकलायची. यातली शेवटची पायरी मी चुकवली. त्याची ही गोष्ट.

फोंड्याला आमच्याकडे एक जुनी फियाट होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९७४ पासून तीच गाडी चितोडच्या राणीचे नाव लावून 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर एक कार्ब्युरेटर. परवाने आणि आयातबंदीच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. गोव्यात तर १९६१ पूर्वी आलेल्या परदेशी गाड्याही होत्या. मुक्तीनंतर त्यांचे सुटे भाग मिळणे अवघड झाले. गाडी मोडीत न काढता जगवायची, ही कला इथल्या गॅरेजांनी गरजेपोटी शिकून घेतली.

कार्ब्युरेटरचे तत्त्व मात्र फार जुने. नळी मध्येच अरुंद केली तर तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीचा व्हेंचुरी याने अरुंद नळीतल्या प्रवाहाविषयी १७९७ साली लिहिले, म्हणून त्या अरुंद गळ्याला आजही व्हेंचुरी म्हणतात. तिथल्या कमी दाबामुळे जेटमधून पेट्रोल ओढले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. १८९३ साली जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने, अशा दोन ठिकाणी पेट्रोलची फवारणी करणारे कार्ब्युरेटर पुढे आले. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण राखायचे काम त्या पितळी जेटांचे आणि दोन छोट्या स्क्रूंचे.

आता चोक कशासाठी? इंजिन थंड असले की पेट्रोलची वाफ नीट होत नाही. बरेचसे पेट्रोल नळीच्या भिंतींनाच चिकटून राहते. म्हणून सुरुवातीला हवा कमी करून मिश्रण गडद करायचे. (बऱ्याच सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये हवा अडवणारी झडपच नसे. जादा पेट्रोल देणारी वेगळी वाट असे. पण मुठीला सगळे चोकच म्हणत.) इंजिन तापले की ही गरज संपते.

१९८९ च्या पावसाळ्यात मी नुकताच गाडी शिकलो होतो. गाडी न्यूट्रलमध्ये आली की बंद पडायची. चोक थोडा ओढून ठेवला की पडत नाही, हा शोध मला लागला आणि मी त्यावर खूश झालो. दोन-तीन महिने मूठ अर्धी बाहेरच राहिली. पेट्रोल जास्त लागू लागले, मागून काळा धूर येऊ लागला. बाबांनी विचारले तर मी पावसाला दोष दिला.

शेवटी गाडी मेस्तांकडे गेली. त्यांनी ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. ऑइलला पेट्रोलचा वास! न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरत होते. प्लग काजळीने काळे झाले होते. ते एवढेच म्हणाले, "चोक म्हळ्यार वखद रे बाबा, जेवण न्हय."

मग त्यांनी मला समोर उभे करून दुरुस्ती दाखवली. आधी जेट आणि फ्लोटची वाटी साफ केली, प्लग पुसले, ऑइल बदलले. इंजिन पूर्ण तापू दिले, चोक संपूर्ण आत. मिक्श्चरचा स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत फिरवून साधारण दीड फेरा बाहेर काढला. जोराने आवळला तर त्याचे टोक खराब होते. आयडलिंगच्या स्क्रूने इंजिन थोडे वेगात ठेवले. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ते ऐकत राहिले. पेट्रोल जास्त झाले की इंजिन लंगडत, वरखाली होत चालते. कमी झाले की अडखळते, मरायला टेकते. मधली जागा सापडली की आवाज सलग होतो. तिथे थांबून वेग उतरवायचा आणि पुन्हा एकदा तपासायचे. अर्ध्या तासात गाडी चोकशिवाय शांत उभी राहिली. तिचा मूळ आजार एवढाच होता आणि मी महिनोन्महिने तो लपवत होतो.

भिंती मात्र झिजल्या होत्या. पुढच्या वर्षी गाडी निळा धूर सोडू लागली आणि इंजिन खोलावे लागले. त्या खर्चाबद्दल बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

२००० साली धुराचे नवे नियम देशभर आले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. आता किती पेट्रोल सोडायचे ते संगणक ठरवतो. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. मेस्तही आता नाहीत. पण कुठल्याही दुखण्यावर तात्पुरता इलाज करून मी निर्धास्त होऊ लागलो की मला ती ऑइलची पट्टी आठवते आणि माझा हात आपोआप मूठ आत ढकलायला जातो.