बडोद्याच्या बागेतील लोहमार्ग

बागेत लोहमार्ग घालण्याच्या छंदाकडे केवळ मुलांच्या करमणुकीची बाब म्हणून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. परंतु ज्या शहराच्या उत्तरेस, विश्वामित्रीच्या काठी, समा हे एके काळचे खेडे आज वस्तीने भरून गेले आहे, त्या बडोद्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे लहान गाडी आणि खरी गाडी यांच्यामधली सीमारेषा या संस्थानात कधीच फारशी ठळक नव्हती असे दिसून येते. या संस्थानाची पहिली गाडी रुळांवरून बैलांनी ओढली. आणि राजवाड्यातील मुलांना शाळेत नेण्यासाठी आमराईतून जो मार्ग घातला गेला, तो रुंदीने वीतभर असला तरी दोन ठिकाणे जोडणारा, कामाचा मार्ग होता. समा येथील आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत रूळ टाकायचे ठरले तेव्हापासून हा इतिहास मला पदोपदी उपयोगी पडत आला आहे, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगतो.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मोठा मार्ग १८६१ च्या सुमारास बडोद्यापर्यंत येऊन पोहोचला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली. बडोद्याच्या दक्षिणेचा कानम हा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. पावसाळ्यात तेथे गाडीचे चाक आसापर्यंत रुतावे अशी रस्त्यांची अवस्था. अशा वेळी महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, मियागाम ते डभोई असा वीस मैलांचा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग तयार झाला, आणि हिंदुस्थानातील नॅरो गेजचा प्रारंभ त्या मार्गापासून होतो. त्याचे रूळ वारी अवघ्या १३ पौंड वजनाचे होते. ग्लासगोच्या नील्सन कंपनीचे इंजिन १८६३ साली आणले गेले, तेव्हा त्याचा भार त्या रुळांना पेलेना, आणि ओढण्याचे काम बैलांकडेच राहिले. पुढे १८७३ साली जड रूळ घातले गेले, आणि १८८० पासून इंजिने नियमितपणे धावू लागली.

या हकीकतीचा उल्लेख करताना लेखक मंडळी बहुधा कौतुकमिश्रित हसू आणतात, ते मला मान्य नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना जो रोध होतो तो कच्च्या रस्त्यावरील रोधाच्या मानाने इतका अल्प असतो, की जी बैलजोडी चिखलातून एक गाडी कष्टाने ओढील तीच जोडी रुळांवरून कित्येक पट भार सहज नेऊ शकते. खंडेरावांच्या कारभाऱ्यांनी इंजिनाच्या अगोदर रुळाचे महत्त्व ओळखले; आणि आज बागेत मार्ग घालू पाहणाऱ्याने सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट हीच आहे, कारण बहुतेक हौशी लोक इंजिनावर सारा पैसा खर्च करतात आणि त्याच्या खालच्या जमिनीचा विचार शेवटी करतात.

मियागामचा मार्ग झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी, पुढे सयाजीराव तिसरे म्हणून विख्यात झालेल्या महाराजांचा जन्म झाला. १८७५ साली दत्तकविधान होऊन ते गादीवर आले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांच्या शिक्षणास खरा आरंभ त्यानंतरच झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या पुरुषाच्या घराण्याने वाड्यातील मुलांच्या शाळेसाठी स्वतंत्र इमारत बांधावी यात नवल वाटत नाही. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या विस्तीर्ण आवारातच ही इमारत आहे, आणि आज तीत महाराजा फत्तेसिंह संग्रहालय भरलेले आहे. राजवाडा आणि ही शाळा यांच्या दरम्यान, आमराईतील झाडांमधून वळणे घेत, राजघराण्यातील मुलांसाठी छोटी आगगाडी धावत असे. तिचे इंजिन दुरुस्त करून संग्रहालयाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेले आहे. बडोद्यास येणाऱ्या प्रत्येकाने राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्यासाठी आत जाण्यापूर्वी तेथे थोडे थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आमराईत रूळ घालणे हे सपाट मैदानात रूळ घालण्यापेक्षा अवघड असते, कारण आंब्याची मुळे भराव उचलतात आणि पडलेली पाने, मोहोर व बारीक कैऱ्या रुळांवर साचून चाके घसरवतात. तेव्हा अशा मार्गावर रोज झाडलोट करणारा माणूस हा गाडी हाकणाऱ्याइतकाच आवश्यक ठरतो.

राजेलोकांच्या बागेतील रेल्वे ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नव्हे. इंग्लंडात सर आर्थर हेवूड यांनी १८७४ पासून डफील्ड येथील आपल्या जमिनीवर पंधरा इंच रुंदीचा मार्ग घालून मोठ्या चिकाटीने प्रयोग केले. शेतवाडी, खाणी आणि लष्कर यांच्या उपयोगी पडेल अशी लहानांत लहान रेल्वे किती रुंदीची असावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. परंतु हौसेचे राज्याच्या उपयोगात रूपांतर झाल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मराठी माणसाला शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत सापडते. जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावरून फिरणारी चांदीची गाडी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या डब्यातील सुरई उचलताच गाडी थांबते, ती रिकामी होऊन परत ठेवली की चालू लागते. महाराज माधवराव शिंदे यांची रेल्वेची आवड मात्र टेबलापुरती राहिली नाही. राजवाड्याच्या परिसरात त्यांनी घातलेल्या दोन फुटी मार्गातूनच ग्वाल्हेर लाइट रेल्वे वाढली, १८९९ पासून ती रयतेच्या उपयोगी पडू लागली, आणि तिचा ग्वाल्हेर ते श्योपूर हा फाटा सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा झाला. बागेतील हौस ज्या शतकात सुरू झाली त्याच्या पुढच्या शतकाच्या अखेरीपर्यंत गरीब उतारू त्या गाडीच्या टपावर बसून प्रवास करीत होते.

बडोद्यात ही वाट वेगळ्या रीतीने लोकांपर्यंत पोहोचली. १८७९ साली सयाजीरावांनी विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवर वसवलेली कमाटी बाग आरंभापासूनच प्रजेसाठी होती, आणि स्वातंत्र्यानंतर राजघराण्याकडून शहरातील मुलांना मिळालेली छोटी गाडी त्याच बागेत कित्येक दशके फिरली. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा येथील मराठी घरांतील एकही मूल असे नसेल ज्याने तीत बसण्यासाठी हट्ट धरला नाही. पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ १९५६ साली सुरू झाली. तो काळच सार्वजनिक बागांना अशी गाडी असावी असे मानणारा होता. पुढे कोथरूडमध्ये १९९८ साली उघडलेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाने हा छंद बागेतून छपराखाली नेला. तेथील कारागिरीबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही ऊन, पाऊस आणि माती यांच्याशी ज्याला झगडावे लागत नाही त्या मार्गाला रेल्वेचे अर्धेच शिक्षण मिळते, असे माझे मत आहे.

समा येथे ते शिक्षण भरपूर मिळते. विश्वामित्रीच्या काठची माती पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात तिला बोट जाईल इतक्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ रूळ ठेवले तर एका पावसाळ्यात ते वाकडेतिकडे होतात. म्हणून वीतभर खोल चर खणून त्यात आधी विटांचे तुकडे, मग मुरूम, आणि वर बारीक खडी धुमसून घ्यावी लागते. शिवाय पाणी एका बाजूस तुंबू नये म्हणून भरावाखालून ठिकठिकाणी मोरी सोडावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर येऊन शहराचे मोठे भाग पाण्यात गेले, त्यानंतर मोऱ्यांच्या बाबतीत काटकसर करण्याचे धैर्य कोणी करू नये. उन्हाची बाब याहून सूक्ष्म आहे. पितळी रुळांची वीस मीटर लांबी घेतली, आणि पौषातील पहाट व ज्येष्ठातील दुपार यांमध्ये रुळाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला, तर ती लांबी सुमारे १९ मिलिमीटरने वाढते. दीड मीटरचे तुकडे असल्यास प्रत्येक सांध्यात साधारण दीड मिलिमीटर जागा हवी. हिवाळ्यात रूळ जोडताना दोन टोकांच्या मध्ये रुपयाचे नाणे उभे धरून फिशप्लेट बसवली की अंतर बेताचे राहते. ही जागा सोडली नाही तर एप्रिलच्या अखेरीस रूळ वाकून बाहेरच्या अंगाला फुगतात आणि गाडी तेथे हमखास घसरते.

बाजारात मिळणारे बागेतील रूळ बहुधा ४५ मिलिमीटर रुंदीचे असतात. डभोई मार्गाची अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदी त्यात बसवायची तर सगळ्या वस्तू सतराव्या हिश्शाइतक्या लहान कराव्या लागतात. या प्रमाणात मियागाम ते डभोई हे वीस मैल जवळजवळ १.९ किलोमीटर होतात, आणि तेवढे अंगण साऱ्या समात कोणापाशी नाही. तेव्हा दोन टोकांची दोन स्थानके आणि मधला एक पूल एवढ्यावरच संतोष मानणे प्राप्त आहे. वाघिणी, सांधे आणि सिग्नल यांची मापे प्रत्यक्ष पाहायची असतील तर प्रतापनगरला जावे. पूर्वी गोयागेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या स्थानकाजवळच गायकवाडी रेल्वेचा १९१९ चा कारखाना आहे आणि तेथील वारसा उद्यानात जुनी नॅरो गेज इंजिने जपून ठेवलेली आहेत. डभोईहून चांदोद व केवडियाकडे जाणारा मार्ग जानेवारी २०२१ मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाल्यापासून तर या जपणुकीचे मोल अधिकच वाढले आहे.

मापे घेऊन बसल्यावर १८६२ चा प्रश्न पुन्हा तसाच्या तसा समोर येतो. वारी १३ पौंडांचा रूळ उंचीला सुमारे दोन इंच. सतराव्या हिश्शाने तो जेमतेम तीन मिलिमीटर भरतो, तर दुकानातला पितळी रूळ आठ मिलिमीटरहून उंच असतो, कारण त्याला बॅटरीवर चालणाऱ्या जड इंजिनाचा भार आणि चुकून पडलेला पाय सोसायचा असतो. तीन मिलिमीटरचा रूळ घातला तर नील्सनच्या इंजिनाची जी गत झाली तीच आमच्याही इंजिनाची होईल. म्हणून तुळशीवृंदावनाला वळसा घालणारा मुख्य मार्ग जाड रुळांचा, १८८० नंतरच्या काळाचा केला आहे. आणि भिंतीलगतच्या फाट्यावर पत्र्याच्या पट्टीचे तीन मिलिमीटरचे रूळ घालून त्यावर कापसाच्या गठ्ठ्यांच्या तीन हलक्या वाघिणी आणि खांद्याशी आठ सेंटिमीटर उंचीची, लाकडात कोरलेली बैलजोडी असा खंडेरावांच्या वेळचा बेत ठरला आहे.