प्रा. मधू दंडवते : लाकडी बाकापासून कोकण रेल्वेपर्यंत

समाजवादी नेते, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि कोकणातील राजापूर मतदारसंघाचे सलग वीस वर्षे खासदार राहिलेले मधू दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते १९४२च्या चळवळीत ओढले गेले. पुढे गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातही त्यांनी भाग घेतला. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकविले. विधान नेमके मांडायचे आणि आकड्यांचा आधार सोडायचा नाही, ही वर्गातील सवय त्यांनी संसदेतही मोडली नाही.

बॅ. नाथ पै यांचे जानेवारी १९७१मध्ये निधन झाले आणि राजापूरची जागा दंडवते यांच्याकडे आली. इंदिरा लाटेच्या त्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून अवघे दोन खासदार निवडून आले. दंडवते त्यांपैकी एक होते. त्यानंतरच्या चार निवडणुकाही त्यांनी याच मतदारसंघातून जिंकल्या.

जून १९७५मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला होते. वाजपेयी आणि अडवाणी यांच्यासह त्यांना तेथेच अटक झाली. पत्नी प्रमिला दंडवते यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पती एका राज्यातील कारागृहात आणि पत्नी दुसऱ्या, अशा स्थितीत त्यांचा संसार काही काळ पत्रांतूनच चालला. प्रमिलाताई पुढे १९८०मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या.

मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. मात्र सामान्य प्रवाशाच्या लक्षात राहावा असा त्यांचा निर्णय दिसायला अगदी किरकोळ होता. त्या काळी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळीवर रात्र काढावी लागे. पहिल्या वर्गाचा दर्जा खाली आणायचा नसून दुसऱ्या वर्गाचा वर न्यायचा आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसमध्ये फक्त दुसऱ्या वर्गाचेच डबे होते. समाजवादावर ग्रंथ लिहिणाऱ्या या नेत्याचा समाजवाद कोट्यवधी लोकांच्या पाठीला कळला तो असा.

कोकणचा प्रश्न अधिक जुना आणि अधिक खर्चाचा होता. घरटी एक माणूस मुंबईत आणि घर मनीऑर्डरवर, अशा या प्रदेशात रोह्याच्या पुढे रूळच नव्हते. डोंगर, नद्या आणि नफ्याचा हिशेब पुढे करून हा मार्ग वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला गेला. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, तेव्हा कोंडी फुटली. जुलै १९९०मध्ये स्वतंत्र कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भांडवल घातले, उरलेला पैसा रोख्यांतून उभारण्यात आला आणि बांधकामाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे गेली. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचा निर्णयही दंडवते यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातील. हे सरकार मात्र वर्षभरही टिकले नाही.

ज्या वर्षी कोकण रेल्वेचे काम जोरात सुरू होते, त्याच १९९१ साली राजापूरच्या मतदारांनी त्यांना पराभूत केले. ते पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. आज गणपतीला गावी निघालेला चाकरमानी मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी कणकवलीला उतरतो, तो याच मार्गाने.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.