अर्धा कांदा आणि पाच सेंटचा बर्गर

थ्रेड 🧵

फॅनी फार्मर यांचे 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' १८९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात 'हॅम्बुर्ग स्टेक' या नावाने गोमांसाच्या खिम्याच्या पातळ वड्यांची कृती आहे. मांस बारीक चिरावे, मीठ-मिरे सढळ हाताने घालावे आणि कांद्याच्या रसाचे काही थेंब टाकावेत, असे फार्मरबाई सांगतात. लक्षात घ्या, थेंब! पुढे अवघ्या तीस वर्षांत ओक्लाहोमा राज्यातील एल रिनो या गावी तशाच वडीवर अर्धा कांदा चिरून थापला जाऊ लागला. एका थेंबाचा अर्धा कांदा का झाला, हा आजचा विषय.

'पहिला बर्गर कोणी केला?' या प्रश्नात आपण अडकणार नाही. विस्कॉन्सिनमधील सेमूर, न्यूयॉर्क राज्यातील हॅम्बर्ग, टेक्ससमधील अथेन्स, कनेटिकटमधील न्यू हेवन अशी चार गावे हा मान मागतात, आणि प्रत्येकाजवळ आपापली जत्रा नाहीतर आपापले दुकान आहे. खिम्याची वडी पावात घालण्याइतकी साधी युक्ती एकाच डोक्यातून निघाली असेल, असे मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही. नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराचे, हे मात्र खरे. एकोणिसाव्या शतकात लक्षावधी स्थलांतरित त्या बंदरातून अमेरिकेकडे निघाले आणि त्या शहराच्या नावाची ही वडीही अमेरिकेच्या खाद्ययाद्यांत रुळली.

खरी अडचण खिम्याचीच होती. अखंड मांसाचा तुकडा डोळ्यांना दिसतो. खिम्यात काय गेले ते कळत नाही. १९०४ मध्ये अप्टन सिंक्लेअर हा तरुण समाजवादी लेखक शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला. त्यातून 'द जंगल' ही कादंबरी आली; १९०५ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आणि १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तकरूपाने. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशीसाठी आपली माणसे शिकागोला पाठवली आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा व अन्न-औषध शुद्धतेचा असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर झाले.

येथे जरा थांबायला हवे. सिंक्लेअरचे पुस्तक मुळात लिथुआनियन स्थलांतरित मजुरांबद्दल होते : कापली जाणारी बोटे, थंडी, कर्ज, बेघर होणारी कुटुंबे. वाचकांनी त्यातून उचलली ती आपल्या ताटातील घाण. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि बाण पोटाला लागला, अशा अर्थाची खंत त्याने पुढे व्यक्त केली. कायद्याने मांस तपासले. मांस कापणाऱ्याची मजुरी आणि कामाचे तास होते तसेच राहिले. बर्गरच्या इतिहासात हा मजूर सहसा येत नाही. म्हणून मुद्दाम लिहिले.

घरोघरी या अविश्वासावर एक उत्तर होते : हाताने फिरवण्याचे खिमायंत्र. फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइझ कंपनीची ओतीव लोखंडी यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकी स्वयंपाकघरांत ओट्याला घट्ट आवळून बसलेली दिसतात. मांसाचा तुकडा आपण निवडायचा आणि खिमा आपल्या डोळ्यांदेखत करायचा. 'घरचा बर्गर' या कल्पनेत चवीपेक्षा ही खातरी अधिक जुनी आहे.

बाजाराने हीच खातरी विकायला काढली. कॅन्ससमधील विचिटा येथे वॉल्टर अँडरसन हा आचारी १९१६ पासून बर्गर विकत असे. १९२१ मध्ये बिली इंग्रॅमच्या भागीदारीत त्याने 'व्हाइट कॅसल' सुरू केले. पांढऱ्या भिंती, चकचकीत पोलाद, ग्राहकासमोरचा तवा, किंमत पाच सेंट. १९३० मध्ये तर कंपनीने मिनेसोटा विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ जेसी मॅक्लेंडन यांच्याकडून एक प्रयोग करवून घेतला : एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तेरा आठवडे केवळ बर्गर आणि पाणी यांवर काढले. तो धडधाकट असल्याचा निष्कर्ष निघाला, आणि इंग्रॅमने त्याची जाहिरात केली. पैसा कंपनीचा, निष्कर्षही कंपनीला हवा तोच. अशी उदाहरणे आजही ओळखीची वाटतील.

आता एल रिनो. हे रॉक आयलंड रेल्वेचे गाव. तिच्या कार्यशाळेवर शेकडो घरे चालत. रेल्वे कामगार मंडळाने कारागिरांच्या मजुरीत ताशी सात सेंटांची कपात जाहीर केली आणि १ जुलै १९२२ पासून देशभरातील सुमारे चार लाख कामगार संपावर गेले. कपात सात सेंटांची आणि बर्गर पाच सेंटांचा, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबरात सरकारने न्यायालयाकडून संपाविरुद्ध कठोर मनाई हुकूम मिळवला आणि संप मोडला. याच दशकात एल रिनोच्या खाणावळींत मांस कमी आणि कांदा जास्त, अशी वडी रुजली. रॉस डेव्हिस याच्या 'हॅम्बर्गर इन'चे नाव या संदर्भात घेतले जाते.

अनेक ठिकाणी हा बर्गर 'महामंदीची देणगी' म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. शेअर बाजार कोसळला १९२९ मध्ये. एल रिनोतील 'रॉबर्ट्स ग्रिल' १९२६ पासून चालू आहे. शिवाय शेतमालाचे भाव १९२० नंतर लगेच कोसळले होते, त्यामुळे ओक्लाहोमाला टंचाईसाठी वॉल स्ट्रीटची वाट पाहावी लागली नाही. महामंदीने ही वडी जन्माला घातली नाही, टिकवली. फरक लहान वाटेल. पण 'महामंदी' म्हटले की संकट आभाळातून पडल्यासारखे वाटते, आणि 'मजुरीकपात' म्हटले की ती कोणीतरी केलेली असते.

कृती अशी. खिम्याचा गोळा तापल्या तव्यावर ठेवायचा, त्यावर कागदासारख्या पातळ कापांचा ढीग रचायचा आणि उलथन्याने जोर लावून दाबायचे. कांदा मांसात रुततो. वडी उलटली की कांदा खाली जातो आणि मांसाच्याच चरबीत तळला जातो. वर पाव ठेवला की तो कांद्याच्या वाफेवर मऊ होतो. कडा करपट, मधला भाग गोड.

आज घरी बर्गर करताना आपण जो मंद आचेवर परतलेला, मधासारख्या रंगाचा कांदा घालतो, तो याचा सावकाश चुलतभाऊ. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते उडेपर्यंत तापमान फारसे चढत नाही. म्हणून चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. 'दहा मिनिटांत तांबूस होईल' असे लिहिणारी पुस्तके थाप मारतात. यात केवळ साखर जळत नाही. साखर आणि अमिनो आम्ले यांची जी अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली, तीही येथे चालू असते. तव्यावर वडीला धरणारी खरपूस पापडी त्याच अभिक्रियेची. खिम्यात पाचवा हिस्सा चरबी असावी. मीठ आत मळू नये, तव्यावर टाकताना वरून भुरभुरावे, नाहीतर वडी चिवट होते.

आणि आतून कच्ची ठेवू नये. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय जंतूची लागण होऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून वडीचा मध्यभाग ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापावा, असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे.

आपल्याकडे हा प्रयोग करणाऱ्यांसाठी : महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती, ती २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे येथे वडी म्हशीच्या मांसाची. ते कमी चरबीचे असते. एल रिनोची कांदा दाबण्याची युक्ती त्याला अधिकच मानवते, फक्त तव्यावर थोडे तेल हवे. मांस पुरवून कसे खावे याचे ज्ञान आपल्याकडेही होते, पण ते पाककृतींच्या पुस्तकांत फारसे आले नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवरील पुस्तक अवश्य वाचा. त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहीन.